जंताच्या औषधानंतर शेळ्यांना दिसेनासं झालं, तर आधी बाहुली बघा

सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातून एका ताईंनी विचारलं आहे. बचत गटाच्या बावीस शेळ्या. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यांना जंताचं औषध दिलं. मेडिकलवरून आणलेली क्लोझँटेलची १ ग्रॅमची गोळी, लहानमोठ्या सगळ्यांना एकेक. आठव्या दिवसापासून पाच शेळ्या गव्हाणीला, दाराच्या चौकटीला धडकायला लागल्या. ताप नाही, खाणं-रवंथ नीट, डोळे स्वच्छ. गावातल्या एकाने ‘डोळे आलेत’ म्हणून मलम दिलं, फरक नाही. त्यांचे प्रश्न तीन: नजर परत येईल का, ‘ब’ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यावीत का, आणि उरलेल्या सतरा शेळ्यांचं काय?

ताई, सरळच सांगतो. तुम्ही लिहिलंय तसंच असेल, तर हे क्लोझँटेलचं अंधत्व आहे, आणि ज्यांची नजर पूर्ण गेली आहे त्यातल्या बहुतेकींची ती परत येत नाही. पण हे मान्य करण्याआधी आज संध्याकाळीच एक तपासणी करा. दिसायला हुबेहूब असंच, पण बरं होणारं दुसरं अंधत्व असतं, आणि त्यात प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

अंधार पडल्यावर शेळी गोठ्यात घ्या, दिवा बंद करा, दोन मिनिटं थांबा. मग बॅटरीचा झोत एका बाजूने डोळ्यावर आणा. शेळीची बाहुली आडव्या फटीसारखी असते. निरोगी शेळीत उजेड पडताच ती फट बारीक होते. क्लोझँटेल लागलेल्या शेळीत बाहुली पसरून जवळजवळ गोल झालेली असते आणि झोत कितीही जवळ आणला तरी हलत नाही. आतून हिरवट-निळी चमक येते. पुष्कळदा लोक हेच आधी सांगतात, की रात्री बॅटरीत हिचे डोळे काचेसारखे चकाकतात. बाहुली उघडीच राहिल्यामुळे आतला चमकणारा पडदा नेहमीपेक्षा जास्त दिसतो. शेजारी एक चांगली शेळी उभी करून दोघींचे डोळे पाठोपाठ बघा, फरक लगेच कळेल.

दुसरी तपासणी दिवसा. डोळ्यासमोर हात झटकन न्यायचा. डोळस जनावर पापणी मिटतं किंवा मान मागे घेतं. इथे एक काळजी घ्यायची: हाताचा वारा डोळ्याला लागला किंवा मिशांना स्पर्श झाला तर आंधळं जनावरही डोळे मिटतं आणि आपण फसतो. म्हणून बोटं पसरून, वारा लागणार नाही असा हात न्या, किंवा मध्ये काच धरा. आठ-पंधरा दिवसांच्या करडात ही प्रतिक्रिया अजून तयार झालेली नसते, तिथे हिच्यावर भिस्त ठेवू नका. मग पापणीच्या कोपऱ्याला बोट लावून पापणी मिटते का तेही पाहा. मिटत असेल तर पापणीची नस ठीक आहे, म्हणजे हात नेल्यावर पापणी न मिटण्याचं कारण नजर आहे, हे पक्कं झालं.

आता याचा अर्थ. डोळ्यातला पडदा आणि त्यामागची नस खराब असेल तर दिसतही नाही आणि बाहुलीही हलत नाही. मेंदूचा मागचा भाग, जिथे दिसणं ‘उमगतं’, तो बिघडला असेल तर दिसत नाही, पण बाहुली उजेडाला व्यवस्थित बारीक होते, कारण बाहुलीची वाट मेंदूच्या त्या भागापर्यंत जातच नाही. औषधाने आलेल्या अंधत्वाचं निम्मं निदान इथेच होतं, तेही एका बॅटरीवर. पाचही शेळ्यांची नोंद वहीत करा: डावी बाहुली, उजवी बाहुली, पापणी, धडकते का.

पाचच का?

गोळी बावीस जणींना, आणि आंधळ्या पाच. म्हणून पुष्कळांना वाटतं की औषध कारण नसावं. हिशेब करून बघा. क्लोझँटेलची पोटातून द्यायची मात्रा दर किलो वजनाला १० मिलीग्रॅम. १ ग्रॅमची गोळी म्हणजे १०० किलोच्या जनावराची मात्रा. तीस किलोच्या संगमनेरी शेळीला ती दिली तर तिप्पट झाली, वीस किलोच्या पाठीला (न व्यालेल्या तरुण शेळीला) पाचपट, बारा किलोच्या करडाला आठपट. हे औषध साधारण चौपट मात्रेच्या पुढे डोळ्याला धोकादायक ठरतं, आणि अशक्त जनावरात त्याच्या आतही ठरू शकतं.

अशक्त जनावर का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. क्लोझँटेल रक्तात गेलं की जवळजवळ सगळं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं. मोकळं औषध फार थोडं असतं, आणि इजा मोकळं औषध करतं. जंतांनी पोखरलेली, जबड्याखाली पाणी साचलेली, हाडं वर आलेली शेळी घ्या. तिचं अल्ब्युमिन आधीच उतरलेलं असतं. म्हणजे जिच्यासाठी आपण घाईने औषध आणतो, तिलाच ते सर्वांत जास्त बाधतं. तुमच्या पाच जणी बघा, गटातल्या सर्वांत हलक्या किंवा सर्वांत रोडावलेल्या त्याच निघतील असा माझा अंदाज आहे.

आत काय होतं? हे औषध जंताच्या पेशीतली ऊर्जा तयार करण्याची यंत्रणा बंद पाडतं. मात्रा वाढली की जनावराच्या पेशींवरही तोच मारा होतो. मेंदूतल्या पांढऱ्या भागात आणि डोळ्याच्या नसेच्या आवरणात पाण्याचे फुगे धरतात, नस सुजते. ही नस कवटीतून हाडाच्या अरुंद नळीतून जाते, भिंतीतल्या पाइपमधून गेलेल्या वायरीसारखी. सुजायला तिथे जागा नाही, म्हणून ती आतल्या आत चेपून मरते. शिवाय डोळ्याच्या पडद्यावरही औषधाचा थेट परिणाम होतो. मेलेली नस पुन्हा उगवत नाही, म्हणून मी सुरुवातीलाच ते कटू उत्तर दिलं.

माणसाच्या डोळ्यालाही हे औषध असंच लागतं. १९९३ मध्ये लिथुआनियात मदत म्हणून आलेलं जनावरांचं क्लोझँटेल चुकून अकरा स्त्रियांना दिलं गेलं आणि त्यांची दृष्टी काही काळ गेली. उरलेल्या गोळ्या घरातल्या फळीवर, मुलांच्या हाताशी ठेवू नका.

आता करायचं काय

औषध पोटात जाऊन काही तासच झाले असते, तर सक्रिय कोळशाची पूड पाण्यात कालवून, दर किलोला १ ग्रॅम, पाजायला सांगितलं असतं. आठ दिवसांनंतर त्याचा उपयोग नाही. या औषधावर उतारा नाही. नसेची सूज उतरावी म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर स्टेरॉइड देतात, कधी थोडा फायदा दिसतो, पण खात्री देता येत नाही. आणि गाभण शेळ्यांत, विशेषतः शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने गर्भ पडू शकतो. म्हणून मेडिकलवरून आणून कुणाकडूनही ते टोचून घेऊ नका.

‘ब’ जीवनसत्त्वाबद्दल: बाहुली हलत नसेल तर त्याने नजर येणार नाही. पण पाचपैकी एकीची जरी बाहुली उजेडाला बारीक होत असेल, तर तिचं अंधत्व मेंदूचं, बरं होऊ शकणारं असू शकतं, आणि तिला आजच थायमिन, म्हणजे बी-१, मिळालं पाहिजे. मात्रा दर किलोला १० मिलीग्रॅम. पहिली शिरेतून अगदी सावकाश, घाईने दिली तर जनावर कोसळू शकतं, आणि मग दर सहा-आठ तासांनी स्नायूत, तीन दिवस. इथे एक गोष्ट कायम राहून जाते. बाजारातल्या मिश्र बी-कॉम्प्लेक्स इंजेक्शनांत थायमिन पुष्कळदा फारच थोडं असतं. वीस किलोच्या शेळीला एका वेळी २०० मिलीग्रॅम लागतं. ‘दोन मिली बी-कॉम्प्लेक्स दिलं आणि गुण आला नाही’ म्हणजे थायमिन देऊन पाहिलं, असं होत नाही. बाटलीवर दर मिलीला किती मिलीग्रॅम बी-१ लिहिलंय ते वाचून हिशेब करा. मेंदूचं अंधत्व असेल तर वेळेत दिलेल्या थायमिनने दिवसभरात शेळी सावरताना दिसते, नजर मात्र यायला काही दिवस लागतात.

उरलेल्या सतरा जणींना महिनाभर क्लोझँटेल, त्याच्याच कुळातलं राफॉक्झॅनाइड किंवा त्यांचं मिश्रण असलेलं काहीही देऊ नका. मेंढीत क्लोझँटेल रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण दोन आठवडे लागतात. ‘पंधरा दिवसांनी दुसरा डोस’ ही सवय दुसऱ्या जंतनाशकांत चालून जाते, इथे पहिला डोस अंगात असतानाच दुसरा चढतो. रोज संध्याकाळी बॅटरीने सगळ्यांच्या बाहुल्या बघा. आणखी दोनेक आठवड्यांत एखादीची बाहुली मंद होताना दिसू शकते. तशी दिसली की त्याच दिवशी पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा किंवा १९६२ वर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलवा.

आंधळ्या झालेल्या शेळ्यांना लगेच बाजार दाखवू नका. एक म्हणजे औषध अंगात आहे, त्यांचं मांस आणि दूध माणसाच्या पोटात जायला नको. वेष्टणावर थांबायचा काळ लिहिलेला असतो, आणि तो नेमलेल्या मात्रेसाठी असतो, पाचपटीसाठी नाही. दुसरं म्हणजे सौम्य इजा असेल तर तीन-चार आठवड्यांत थोडी नजर परतलेली आढळते, तेवढी वाट बघण्यासारखी आहे. आणि नजर आली नाही तरी शेळी निभावून नेते. गव्हाण आणि पाण्याचं टाकं एकाच जागी ठेवा, हलवू नका. शांत स्वभावाची एक शेळी तिच्यासोबत बांधा आणि त्या शेळीच्या गळ्यात घुंगरू घाला. रानात सोडू नका, चारा जागेवर द्या. विहीर, नालाबांध, कुंपणाची तार यांकडे लक्ष ठेवा. चांगल्या दुधाची, जुळी देणारी शेळी अशी आंधळेपणीही आणखी वेतं देते.

दिसायला तसंच, पण कारण वेगळं

आपल्या भागात मेंदूचं अंधत्व येण्याची बरीच कारणं आहेत, आणि जंताचं औषध नुकतंच दिलेलं असलं की सगळा दोष त्याच्यावर जातो. एक कारण औषधाचंच आहे: अँप्रोलियम. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीची ही पावडर नाशिक जिल्ह्यात पोल्ट्रीमुळे सहज मिळते आणि करडांच्या हगवणीलाही दिली जाते. अँप्रोलियमचा घाट थायमिनसारखाच असतो, म्हणून ते थायमिनची जागा अडवतं. मोजून पाच दिवस दिलं तर ठीक. चमच्याने अंदाजे, पंधरा-पंधरा दिवस दिलं तर करडू मान मागे टाकतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, दिसेनासं होतं. बाहुली मात्र हलते. ही करडं थायमिनने वाचतात, पण आडवी पडायच्या आधी धरली तर.

तशीच बाहुली हलणारी पण आंधळी शेळी गाभणपणाच्या शेवटच्या पंधरवड्यात, पोटात जुळं असताना, ऊर्जा कमी पडूनही होते. तोंडाला गोडसर वास येतो, चारा सोडते. लग्नातला उरलेला भात किंवा हंगामानंतरची द्राक्षं पोटभर खाल्लेल्या जनावरात आम्लता होते आणि तिच्या पाठोपाठ थायमिन घटतं. जुन्या बॅटऱ्या फोडलेल्या जागी चरणाऱ्या वासरात शिसं जातं. तिथे अंधत्वाबरोबर दात खाणं आणि झटके असतात. येवला, नांदगावकडे लांबलेल्या उन्हाळ्यात महिनोन्‌महिने नुसता कडबा खाल्लेल्या वासरांना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने आधी रातांधळेपणा येतो. यात बाहुली पसरते, त्यामुळे हे क्लोझँटेलशी सहज गोंधळतं. फरक इतिहासात असतो: कुणालाही औषध न देता हळूहळू आलेलं असतं.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात आणखी एक प्रकार होतो. फवारलेल्या बागेच्या बांधावर चरून शेळ्यांना कीटकनाशकाची बाधा होते. लाळ, थरथर, टाचणीएवढी बारीक बाहुली. डॉक्टर अॅट्रोपिन देतात, जनावर वाचतं, आणि दुसऱ्या दिवशी मालक सांगतो की इंजेक्शनने आंधळी झाली. अॅट्रोपिनने बाहुली पसरलेली राहते, जवळचं धूसर होतं, ऊन सहन होत नाही. हे एक-दोन दिवसांत, कधी थोडं जास्त लागून, आपोआप उतरतं. सावलीत बांधा, एवढंच.

डोळ्यावर पांढरं आलं असेल, ज्याला आपण फूल पडलं म्हणतो, पाणी गळत असेल, पापणी सुजली असेल, तर तो साथीचा डोळ्यांचा आजार. तुमच्या शेळ्यांना दिलेलं मलम त्याचं. स्वच्छ डोळ्यात ते घालण्याने काही साधत नाही.

शहरातल्यांसाठी थोडं: कुत्री आणि मांजरं

नाशिकरोड, सिडकोकडून कुत्र्यांचे फोन येतात ते बहुतेक आयव्हरमेक्टिनचे. जनावरांचं १ टक्क्याचं इंजेक्शन म्हणजे दर मिलीला १० मिलीग्रॅम. गाईबैलाची मात्राच ५० किलोला १ मिली. खरजेसाठी किंवा गोचिडासाठी कुणीतरी दहा किलोच्या कुत्र्याला सरळ १ मिली टोचतं. गुराच्या मात्रेच्या ती पाचपट होते. कॉली जातीत आणि तिच्या संकरात तर रक्तातून मेंदूत जाणाऱ्या औषधाला अडवणारं प्रथिनच जन्मतः सदोष असू शकतं, तिथे याच्या दहाव्या भागानेही त्रास होतो. कुत्रं झोकांड्या खातं, लाळ गाळतं, बाहुल्या पसरतात, दिसेनासं होतं. चांगली गोष्ट अशी की हे अंधत्व बहुतेकदा परततं. काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. सलाइन, उबदार जागा, कूस बदलणं, गिळता येईपर्यंत तोंडातून काहीही न देणं, यावर कुत्रं निभतं. गंभीर बाधेत २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन (चरबीचं दुधाळ द्रावण) शिरेतून देतात: दर किलोला १.५ मिली, मग दर मिनिटाला दर किलोला ०.२५ मिली अर्धा ते एक तास. हे दवाखान्यातच, देखरेखीखाली करायचं काम आहे.

मांजरात एनरोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सांभाळून द्या. दिवसाला दर किलोला ५ मिलीग्रॅमच्या वर जायचं नाही. मांजराच्या डोळ्याच्या पडद्यातून हे औषध बाहेर काढणारी यंत्रणाच अपुरी असते. ते तिथे साचतं आणि उजेडात पडदा जाळतं. म्हातारं मांजर, किडनी कमजोर, औषध शिरेतून भराभर दिलेलं, असं असलं की धोका आणखी वाढतो. चार किलोच्या मांजराला २० मिलीग्रॅम, म्हणजे गुरांच्या १० टक्के इंजेक्शनातलं फक्त ०.२ मिली. एवढं थोडं नीट मोजण्यासाठी इन्सुलिनची सिरिंज वापरा. बाहुली पसरलेली दिसताक्षणी औषध बंद. लवकर बंद केलं तर थोडी नजर वाचू शकते.

आणि लघवीच्या किंवा हगवणीच्या त्रासासाठी आठवडेच्या आठवडे सल्फा गटाचं औषध चाललेल्या कुत्र्याचे डोळे चिकट, निस्तेज झाले, तर अश्रू मोजून घ्या. कागदी पट्टी मिनिटात १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळा सुकतोय. वेळेत औषध थांबवून सायक्लोस्पोरिनचे थेंब सुरू केले तर बुबुळ काळं पडण्यापासून वाचतं.

पुढच्या वेळी

क्लोझँटेल वाईट औषध नाही. रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंतावर, यकृतातल्या चपट्या कृमीवर आणि मेंढ्यांच्या नाकातल्या अळ्यांवर ते उत्तम चालतं. पण चपट्या कृमीला गोगलगाय लागते आणि गोगलगायीला पाणथळ. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, नांदूरमध्यमेश्वरचा काठ इथे त्याची गरज पडते. वावीकडच्या कोरड्या माळावरच्या शेळ्यांना ते दरवर्षी आंधळेपणाने द्यायचं कारण मला दिसत नाही. आधी पाच-सात शेळ्यांच्या लेंड्या तालुक्याच्या दवाखान्यात तपासून घ्या. खालच्या पापणीची आतली बाजू बघा, लालबुंद असेल तर त्या शेळीला औषधाची घाई नाही. पांढरी पडली असेल तर आहे, पण तीच शेळी अशक्त, म्हणून तिथे फेनबेंडाझोलसारखं जास्त सुरक्षित औषध आधी विचारा.

आणि वजन करा. काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, खांद्यापासून पाठीमागच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. चोवीस इंच घेर आणि चोवीस इंच लांबी असेल तर जेमतेम एकवीस किलो. तिला क्लोझँटेल २१० मिलीग्रॅम. बाटलीवर १५ टक्के लिहिलं असेल तर दर मिलीत १५० मिलीग्रॅम, म्हणजे १.४ मिली. दुधाच्या कपाने किंवा ड्रेंचिंग गनच्या अंदाजाने हे मोजता येत नाही, सिरिंजच हवी. गाईची गोळी तोडून शेळीला देणं तर नकोच, तुकडे सारखे पडत नाहीत.

ताई, डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचं वेष्टन बॅच क्रमांकासह, बिल, प्रत्येक शेळीचं टेपने काढलेलं वजन आणि बाहुल्यांची नोंद घेऊन जा. यातली एखादी दगावलीच, तर पुरायची घाई करू नका. डोळे त्यांच्या नसेसकट आणि मेंदू १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, यकृत व किडनीचा तुकडा बर्फात, असं डॉक्टरांकडून काढून प्रयोगशाळेत पाठवा. नस आणि पडदा यांच्या तपासणीतून औषधाचा दोष की दुसरं काही हे ठरेल, आणि उरलेल्या शेळ्यांचे उपचार त्यावर ठरवता येतील.